रिकामी पुंगळी पुन्हा भरावी का?



ज्या घरात पीकसंरक्षणाची बंदूक आहे, त्या घरात एक वस्तू हमखास सापडते. ती म्हणजे उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. खिडकीच्या कट्ट्यावर, देवळीत, बियाण्याच्या डब्यात कुठे ना कुठे चार-सहा पडलेल्या असतात. पोरे त्यांच्या तोंडावर फुंकर मारून शिट्टी वाजवतात. घरधनी मात्र ती पुंगळी हातात घेऊन वेगळाच विचार करतो. बुडाचे पितळ धड आहे, प्लॅस्टिक फाटलेले नाही, मग ही फेकायची कशाला? पोते झाडून आपण पुन्हा वापरतो, तेलाचा डबा घासून त्यात धान्य भरतो, सुतळीचा तुकडासुद्धा खुंटीला अडकवून ठेवतो. नव्या काडतुसाला पैसे पडतात, शिवाय त्यासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी खेप घालावी लागते. तेव्हा हीच पुंगळी पुन्हा भरता आली तर काय बिघडले?

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याला नुसते "नको" म्हणून चालणार नाही. जगात पुंगळ्या पुन्हा भरणारी माणसे आहेत आणि त्यांत शेतकरी पुष्कळ आहेत. अमेरिकेत हा उघड, कायद्याने चालणारा घरगुती उद्योग आहे. त्यासाठी छापील पुस्तके मिळतात, हत्यारे मिळतात, सुटी दारू आणि टोप्या दुकानात मिळतात. ती माणसे हे काम कसे करतात, पुंगळी कशी निवडतात आणि छापील तक्त्याला किती जपतात, ते आज पाहू. ते नीट समजले की आपल्या घरी हे का करू नये, याचे उत्तर आपोआप मिळेल.

काडतुसाच्या पोटात काय असते?

आपल्याकडे सर्रास दिसणारी काडतुसाची बंदूक बारा बोअरची असते. या "बारा"चा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. नळीच्या आतल्या व्यासाएवढी शिशाची गोल गोळी घेतली, तर अशा बारा गोळ्या मिळून एक पौंड वजन होते. म्हणून ती बारा बोअर. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर नळीचा व्यास साधारण साडेअठरा.

काडतुसात पाच गोष्टी असतात. पहिली पुंगळी, म्हणजे पितळी किंवा पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी बुडाची, प्लॅस्टिकची अथवा जाड कागदाची नळी. दुसरी बुडाच्या मधोमध बसवलेली टोपी, जिच्यावर घोड्याची टोचणी आपटली की ठिणगी पडते. तिसरी दारू. चौथा डाट, ज्याला वॅड म्हणतात. तो दारू आणि शिसे यांच्या मध्ये बसतो आणि वायू पुढे निसटू देत नाही. पाचवे शिसे, मग ते छर्रे असोत की एकच गोळी. या सगळ्यावर पुंगळीचे तोंड दुमडून किंवा आत मुडपून बंद केलेले असते. ही दुमड म्हणजे सहावी गोष्ट समजा. तिला काही किंमत पडत नाही, पण तिचे काम मोठे आहे. ते पुढे येईलच.

अमेरिकेतला शेतकरी एकच गोळी का भरतो?

छर्ऱ्यांच्या बंदुकीत छर्ऱ्यांऐवजी शिशाची एकच मोठी गोळी घातली, तर तिला तिकडे स्लग म्हणतात. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ साली अशी एक गोळी तयार केली. तिच्या मागे डाट जोडलेला असतो, त्यामुळे वजन पुढे राहते आणि गोळी सरळ जाते. अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ साली दुसरी रीत काढली. त्यांची गोळी मागून पोकळ आहे. बॅडमिंटनचे फूल फेकले तर जड बूच पुढे आणि हलकी पिसे मागे राहतात, तसे तिचे जड तोंड पुढे राहते. तो मंदीचा काळ होता. घरात छर्ऱ्यांची एकच बंदूक आहे आणि रायफल घ्यायला पैसे नाहीत, अशा माणसाला हरणाच्या शिकारीसाठी तिचा उपयोग झाला. १९३६ पासून विंचेस्टर कंपनीने तशी काडतुसे विकायला सुरुवात केली.

दुसरे कारण जमिनीचे. आयोवा, इलिनॉय, इंडियाना, ओहायो ही राज्ये म्हणजे मक्याचा आणि सोयाबीनचा मुलूख. जमीन सपाट, घरे शेताशेतांत विखुरलेली. रायफलीची गोळी फार लांब जाते, स्लग त्या मानाने लवकर जमिनीला टेकतो, या विचाराने तिथे हरणाच्या शिकारीला अनेक वर्षे छर्ऱ्यांच्या बंदुकीचीच सक्ती होती. अलीकडे या राज्यांनी नियम सैल करून ठरावीक रायफल-काडतुसांनाही मोकळीक दिली आहे. पण घरोघरची सवय राहिली ती राहिलीच.

हंगामात अशा माणसाच्या बंदुकीतून जेमतेम चार-दोन बार निघतात. तेवढ्यासाठी घरी भरण्याने फारशी बचत होत नाही. बचत होते ती सरावात. निशाण बसवायला पन्नास-शंभर बार काढायचे, तर विकतचे स्लग महाग पडतात. म्हणून तो साचा घेतो, शिसे वितळवतो आणि गोळ्या ओततो. ली आणि लायमन या कंपन्यांचे असे साचे तिथे प्रसिद्ध आहेत. लीची गोळी एक औंस किंवा पाऊण औंसाहून थोडी जास्त, म्हणजे सात अष्टमांश औंस वजनाची असते. ती मऊ, शुद्ध शिशाची ओतायची असते आणि नेहमीच्या प्लॅस्टिक डाटाच्या वाटीत बसते. एक औंस म्हणजे सव्वाअठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास.

पुंगळी कशी निवडतात?

आता मुख्य कामाकडे येऊ. बाहेरून पाहिले तर सगळ्या पुंगळ्या सारख्या. बारा बोअरची कोणतीही पुंगळी बारा बोअरच्या नळीत जाते. जाणता माणूस मात्र पुंगळी बाहेरून पाहून थांबत नाही, उजेडाकडे धरून तिच्या आत बघतो.

आत बघितले की दोन मुख्य जाती दिसतात. एका जातीत नळी आणि बूड एकाच प्लॅस्टिकच्या तुकड्यातून दाबून घडवलेले असते. अशा पुंगळीची आतली भिंत बुडाकडे जाड होत जाते, म्हणून आतली जागा निमुळती असते. दुसऱ्या जातीत नळी सरळ असते आणि बुडाशी वेगळी चकती बसवलेली असते. या चकत्याही कमी-जास्त उंचीच्या असतात. चकती उंच असेल तर दारूला जागा कमी, बुटकी असेल तर जास्त. म्हणजे बाहेरून अगदी जुळ्या दिसणाऱ्या दोन पुंगळ्यांच्या पोटातली जागा वेगवेगळी असते. आपल्याकडे दोन मापट्यांवर एकच शिक्का असला तरी एकाचे बूड आत ठोकलेले असले तर त्यात धान्य कमी मावते, तसलाच हा प्रकार.

नावावर विसंबूनही चालत नाही. विंचेस्टरने १९६५ साली "एए" नावाची पुंगळी काढली. ती एकसंध होती आणि पुन्हा भरणाऱ्यांची फार आवडती झाली. पुढे कंपनीने नाव तेच ठेवून आतली बांधणी बदलली आणि बुडाचा भाग वेगळा बसवायला सुरुवात केली. त्यामुळे एकाच खोक्यात जुन्या आणि नव्या "एए" मिसळल्या, तर नाव एक पण माल दोन तऱ्हेचा होतो. शहाणा माणूस त्या आधी वेगळ्या करतो, मगच हत्याराला हात लावतो.

यानंतर एकेक पुंगळी तपासायची असते. तोंडाच्या दुमडीवर चिरा गेल्या आहेत का? प्लॅस्टिकला टाचणीएवढे भोक पडले आहे का? पितळेचे बूड फुगले आहे का, प्लॅस्टिकपासून सुटले आहे का? आतली चकती जळली आहे का, हलते आहे का? टोपीचे घर सैल झाले आहे का? यांतले एक जरी दिसले तरी ती पुंगळी चिरून टाकायची. चिरून अशासाठी, की चुकून ती पुन्हा ढिगात येऊ नये. सैल चकतीची पुंगळी विशेष वाईट. बार उडताना ती चकती सुटून नळीत अडकू शकते आणि मागून येणारा दुसरा बार तिच्यावर आदळतो. मग नळी फुटते.

कितव्यांदा भरली याचीही नोंद ठेवतात. प्रत्येक बाराला प्लॅस्टिक थोडे मरते आणि दुमड सैल पडते. दुमड सैल झाली की दारू नीट पेटत नाही. दुमड वायूला क्षणभर अडवून धरते, म्हणून तर दारू पुरती जळते. शिशाच्या गोळीसाठी दोन तऱ्हेची तोंडे असतात. एका रीतीत तोंड चुन्यांसारखे सहा किंवा आठ घड्यांत दुमडतात. दुसऱ्यात पुंगळीची कड आतल्या बाजूला गोल मुडपतात आणि गोळीचे नाक उघडे दिसते. कोणत्या गोळीला कोणते तोंड, हे भरणाऱ्याच्या मर्जीवर नसते. ते तक्त्यात लिहिलेले असते.

तक्ता म्हणजे काय?

हा तक्ता म्हणजे सगळ्या कामाचा कणा. दारूच्या आणि साच्याच्या कंपन्या प्रयोगशाळेत, दाब मोजणाऱ्या खास नळीतून बार काढून हे तक्ते तयार करतात. त्यातली एक ओळ वाचली तर तिच्यात असते असे : पुंगळी अमुक कंपनीची, अमुक जातीची. टोपी अमुक. दारू अमुक नावाची, इतके ग्रेन. डाट अमुक. गोळी अमुक साच्याची, इतक्या वजनाची. तोंड अमुक रीतीने बंद केलेले. आणि शेवटी दाब किती, वेग किती.

लक्षात घ्या, ही सगळी मिळून एकच ओळ आहे. यातला एक शब्द बदलला की ओळ खोटी होते. टोपीचेच उदाहरण घ्या. तिकडे छर्ऱ्यांच्या काडतुसाच्या टोप्या बहुतेक २०९ या एकाच मापाच्या असतात. कोणतीही टोपी कोणत्याही पुंगळीत बसते. पण काहींची ठिणगी मवाळ आणि काहींची फार तिखट. बाकी सारे तेच ठेवून नुसती टोपी बदलली, तरी दाब हजारो पौंडांनी वर जाऊ शकतो. डाटाचेही तसेच. एक डाट घट्ट बसतो आणि वायू रोखतो, दुसरा थोडा सैल असतो. पुंगळी बदलली की आतली जागा बदलते. जागा कमी झाली की दाब चढतो.

आणखी एक चूक नवखा माणूस करतो. तो म्हणतो, "एक औंस छर्ऱ्यांचा तक्ता माझ्याकडे आहे. माझी गोळीही एक औंसाचीच आहे. मग तोच तक्ता चालेल." वजन सारखे असले तरी छर्रे आणि गोळी एकसारखी वागत नाहीत. छर्ऱ्यांचा ढीग दबतो, सरकतो. सबंध गोळी तशी दबत नाही आणि नळीशी तिचे घासणे निराळे असते. म्हणून नियम असा, की त्या गोळीचे नाव ज्या ओळीत छापले आहे तीच ओळ घ्यायची. नसेल तर भरायचे नाही. दोन ओळींच्या मधला आकडा स्वतः अंदाजाने काढायचा नाही. शेजाऱ्याने वहीत लिहून दिलेला आकडा घ्यायचा नाही. दारूच्या डब्यावरचे नाव पुसट झाले असेल, तर ती दारू वापरायची नाही.

दाब म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात साधारण १२ ते १६ पौंड हवा असते. मालट्रकच्या चाकात शंभराच्या घरात. बारा बोअरच्या नेहमीच्या, पावणेतीन इंची काडतुसाला अमेरिकेतल्या कारखानदारांच्या संस्थेने घालून दिलेली दाबाची मर्यादा आहे दर चौरस इंचाला ११,५०० पौंड. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ८०० किलो. हा दाब तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर आणि डाव्या हाताच्या पंजाच्या जवळ तयार होतो. मर्यादेच्या आत तो राहिला तर बंदूक पिढ्यान्‌पिढ्या टिकते. किती वर गेला ते माणसाला डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी कळत नाही. कळते तेव्हा नळी उघडलेली असते.

दारूचे माप ग्रेनमध्ये असते. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर ती तोलतात. चमच्याने, टोपणाने, चिमटीने नव्हे. डाट घालण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावून पाहतात. कारण काही जातींची दारू इतकी थोडी लागते, की चुकून दोनदा पडली तरी पुंगळीत सहज मावते. काम करताना कोणाशी बोलत नाहीत, मेजावर एका वेळी एकाच जातीच्या दारूचा डबा ठेवतात. एवढे सगळे पाळतात तेव्हा कुठे ते घरी काडतूस भरतात.

मी येथे मुद्दामच एकाही दारूचे नाव किंवा ग्रेनचा आकडा दिलेला नाही. सबंध ओळीशिवाय नुसता आकडा म्हणजे चिठ्ठीशिवाय औषध.

काळी दारू आणि बिनधुराची दारू

आता आपल्याकडच्या माणसाला जास्त लागू पडणारी गोष्ट सांगतो. कोकणात, घाटमाथ्यावर अजून ठासणीच्या बंदुका आहेत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या घालायचा, गजाने ठासायचे, छर्रे घालायचे, पुन्हा ठासायचे. यातली दारू काळी. ती सोरा, गंधक आणि कोळसा यांची असते. ही दारू मापाने घेतात. माप थोडे इकडे-तिकडे झाले तर धूर जास्त, धक्का जास्त, पण ती त्या मानाने सोसते. (याचा अर्थ वाटेल तेवढी ओतावी असा मुळीच नाही. ठासणीच्या बंदुकीही फुटतात.)

काडतुसातली दारू निराळी. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू बनवली आणि पुढे जगभर तीच काडतुसांत आली. तिचा स्वभाव असा, की दाब जितका वाढेल तितकी ती जास्त वेगाने जळते आणि जास्त वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. चुलीत फुंकर घालावी तसा जाळ वाढतो आणि जाळच पुन्हा फुंकर घालतो. म्हणूनच पुंगळीतली जरा कमी जागा, जरा तिखट टोपी, जरा घट्ट डाट यांनी तिच्यात एवढा फरक पडतो. मोजकी असताना ती आज्ञेत राहते, मोजमाप सुटले की आवरत नाही.

ठासणीच्या मापाने जन्मभर काळी दारू भरलेला हात जेव्हा काडतुसातली दारू भरायला बसतो, तेव्हा खरा धोका तिथे असतो. हात तोच, सवय तीच, माप तेच, आणि दारू मात्र दुसरी. उलटही तितकेच वाईट. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या नळीत ओतणे म्हणजे नळी फोडण्याची तयारीच. ठासणीच्या नळीचा तो दाब सोसण्याचा वकूबच नसतो.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत जे मोकळे आहे ते आपल्याकडे मोकळे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही. तुमच्याजवळ बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, तो काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. पाच-दहा काडतुसांच्या बचतीसाठी घरावर हे ओढवून घेण्यासारखे नाही.

त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी, आतून गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. म्हणजे काडतुसाची बंदूक हवी असेल तर सरळ मार्ग आहे. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेले असते. ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावीत. आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसे बनत आली आहेत. अशा कारखान्यात प्रत्येक खेपेतले नमुने दाब मोजून पाहिले जातात. आपल्या पडवीत ती सोय नाही.

बंदूक हातात आहे म्हणजे रानडुक्कर मारण्याची मुभा आहे, असेही समजू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांबाबत परवानगीची तरतूद आहे. पण ती आधी वनखात्याकडून लेखी घ्यावी लागते.

घरी एवढे पाळावे

आता या सगळ्यातून आपल्या घरापुरते काय घ्यायचे, ते थोडक्यात सांगतो.

एक. भरलेली जुनी काडतुसे "स्वस्तात" कोणी देऊ केली, मग तो बाजारातला ओळखीचा असो की पाव्हणा, तर घेऊ नयेत. दुमडीवर पूर्वीच्या घड्यांच्या चिरा, बुडाच्या पितळावर दोन-दोन ओरखडे, टोपीभोवती काजळी, दुमडीवर मेण किंवा डिंक ही पुन्हा भरल्याची लक्षणे. आत काय आणि किती आहे, हे भरणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते.

दोन. आपल्या बंदुकीचे घर किती लांबीचे आहे, ते नळीवरच्या शिक्क्यावरून किंवा परवानाधारक कारागिराकडून समजून घ्यावे. जुन्या बंदुकांचे घर अडीच इंचाचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आजची बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची. काडतुसावर छापलेली लांबी ही दुमड उघडल्यानंतरची असते. म्हणून लांब काडतूस आखूड घरात बिनबोभाट बसते, पण उडताना दुमड उघडायला जागा राहत नाही आणि दाब चढतो. बसले म्हणजे चालले, असे नाही.

तीन. एकगोळी काडतूस वापरण्यापूर्वी नळीच्या तोंडाशी आवळ किती आहे ते विचारून घ्यावे. दुनळी बंदुकीत बहुधा एक नळी तोंडाशी जास्त आवळलेली असते. तिच्यातून सबंध गोळी काढणे धोक्याचे ठरू शकते. आवळ न पाहता गोळी घालू नये.

चार. बाराचा आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, तर लगेच दुसरा बार काढू नये. बंदूक मोडून, काडतुसे काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. डाट किंवा गोळी आत अडकलेली असेल, तर पुढचा बार नळी फोडील. बार अजिबात उडालाच नाही, तर बंदूक सुरक्षित दिशेला रोखून निदान मिनिटभर थांबावे, मगच उघडावी.

पाच. बारा बोअरच्या काडतुसांत वीस बोअरचे काडतूस मिसळू देऊ नये. वीसचे काडतूस बाराच्या नळीत आत घसरते आणि पुढे अडकून बसते. नळी रिकामी समजून माणूस मागून बाराचे घालतो. हा अपघात टळावा म्हणूनच वीस बोअरच्या पुंगळ्या पिवळ्या रंगाच्या करण्याची पद्धत पडली आहे.

सहा. काडतुसे कोरड्या जागी, बंदुकीपासून वेगळी, कुलपात ठेवावीत. किल्ली मोठ्या माणसाजवळ असावी. किती घेतली, किती उडवली याची वहीत नोंद ठेवावी. रिकाम्या पुंगळ्या पोरांच्या खेळण्यात देऊ नयेत. आज रिकामी फुंकणारे पोर उद्या भरलेलीही तोंडाला लावील. त्यांचे तोंड चिरून टाकावे, म्हणजे त्यांच्यावर कोणाचाच मोह जाणार नाही.

या शेवटच्या कामात घरातल्या बाईमाणसांनी लक्ष घालावे, असे मला वाटते. बंदूक परवान्याने एकाच्या नावावर असते, पण ती घरात सगळ्यांबरोबर राहते. नोंदवही आणि किल्ली घरच्या लक्ष्मीच्या नजरेखाली असली, तर हिशेब चोख राहतो. धान्याच्या कणगीचा हिशेब तिच्याकडे असतो, मग याचा का नको?

शेतकऱ्याची काटकसर ही त्याची मोठी पुंजी आहे आणि ती सोडावी असे कोणी सांगणार नाही. पण काटकसरीलाही जागा पाहावी लागते. पोते धान्य धरते, डबा तेल धरतो. चुकले तर थोडे सांडते आणि आपण ते भरून घेतो. पुंगळी मात्र आग धरते. ती टोपी, दारू, डाट, शिसे आणि दुमड यांच्या एकाच ओळीत बसणारा एक शब्द आहे. ती ओळ लिहायला प्रयोगशाळा लागते. ज्यांना ती छापील मिळते तेसुद्धा तिच्यातले अक्षर बदलायला धजत नाहीत. आपल्याजवळ तर ती ओळ नाही, भरण्याची परवानगीही नाही. मग नुसता शब्द सांभाळून काय करायचे?

या आठवड्यात एवढे एक काम करा. देवळीतल्या आणि डब्यातल्या पुंगळ्या एकत्र करा, वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा आणि त्यांची तोंडे चिरून टाका. शिट्टी वाजवायला पोरांना पिंपळाचे पान आहेच.